वरून बंद

रेशन दुकानाच्या रांगेत माझ्यापुढच्या काकू यंत्रावर अंगठा टेकवत होत्या. लागेना, तसा पदराला पुसून पुन्हा टेकवत होत्या.

“काकू, अंगठा राहू द्या. नेट बंद केलंय, वरून,” दुकानदार म्हणाला.

“वरून म्हणजे कुणी?” मी विचारलं.

त्याने छताच्या पत्र्याकडे बोट दाखवलं.

कुठे दोन टोळकी भांडली, म्हणून कुणीतरी सही केली आणि अख्ख्या तालुक्याचा तांदूळ अडला. नेटबंदीचा आदेश म्हणे वेबसाइटवर टाकलाय. वाचा आता! किळस येते या निर्लज्जपणाची. सही करणाऱ्याला तांदळासाठी कुठे अंगठा टेकवावा लागतो?

काकूंनी रिकाम्या पिशवीची घडी घातली आणि ओशाळून मला म्हणाल्या, “भांडी घासून रेषाच गेल्यात हो माझ्या. उद्या अंगठा स्वच्छ धुऊन येते.”