डिस्चार्ज
पाकिटाला डिंक लावताना वास आला आणि ती तार आठवली. बहात्तरच्या दुष्काळात मी खर्ड्याजवळच्या एका वाडीत शिक्षक होतो. शाळा सुटल्यावर दोन मैलांवरून पाणी आणून नुकताच टेकलो होतो, तेवढ्यात शेजारची म्हातारी इंग्रजी तार घेऊन आली. तिचा मुलगा लढाईत पायाला गोळी लागून पुण्याच्या लष्करी दवाखान्यात होता. कागदावर चिकटवलेल्या पट्ट्यांवर एवढंच होतं, डिस्चार्ज मिळाला, शनिवारी येतो. "डिस्चार्ज म्हंजी काय, गुरुजी?" दवाखान्यातून सुटी किंवा पलटणीतून कायमचं घरी, दोन्ही अर्थ मला ठाऊक होते, पण समजावत बसायचं त्राण नव्हतं. "दवाखान्यातून सोडलं," मी म्हणालो. "म्हंजी बरा झाला," असं वाडीभर सांगत ती गेली. शनिवारी तो कुबड्यांवर एसटीतून उतरला. एक पाय गुडघ्याखाली नव्हता आणि पलटणीनंही सोडलं होतं. म्हातारीनं त्याची ट्रंक उतरवून घेतली. दोन दिवसांनी तिनं मला विचारलं, "त्या शबुदाचा ह्यो दुसरा अर्थ तुमाला बी म्हाईत नसंल ना, गुरुजी?" "नाही," मी म्हणालो. आता तिच्या वयाला पोचल्यावर वाटतं, मला खोटं बोलणं सोपं जावं, म्हणूनच तिनं तसं विचारलं असावं.