हिरामणमामांचं मीठ

हिरामणमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शवविच्छेदनाचा अहवालच लिहीत होते. तीन आठवडे झाले त्याला.

मामा शिरवण्याचे आगरी, वडील मिठागरावर राबलेले. आमच्या शवागारात ते मदतनीस होते आणि मी नवखी, पदवीचा तोरा मिरवणारी डॉक्टर. पहिल्याच महिन्यात खाडीतून एका तरुणाचा देह आला. बरेच दिवस पाण्यात राहिलेला, चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला. बाहेर बाकावर नावडे गावची एक बाई बसून होती, तिचा मुलगा बेपत्ता होता. हा तोच की नाही, ते आता डीएनएच सांगणार होता. नमुना ठेवायला मी सवयीनं फॉर्मॅलिनची बाटली मागितली. मामांनी ती दिलीच नाही.

"मॅडम, यान मास टिकल, पन मानूस गावनार नाय."

मला राग आला. मदतनिसानं मला शिकवावं? मग त्यांनी शांतपणे सांगितलं. पूर्वी एका साहेबांच्या हुकमावरून त्यांनीच एक नमुना फॉर्मॅलिनमध्ये घातला होता. फॉर्मॅलिननं डीएनए तुटतो, म्हणून प्रयोगशाळेनं तो निकामी ठरवला, तोवर देहाचं दहन झालेलं. ज्याचा मुलगा हरवला होता तो बाप पुढे कित्येक वर्षं चौकशीला येत राहिला... "मी त्याला चाय पाजायचो. दुसरा काय देनार व्हतो?" मामा म्हणाले. माझा तोरा तिथेच गळाला.

त्यांनी मांडीच्या आतला, त्यातल्या त्यात घट्ट राहिलेला स्नायू दाखवला. मी बारीक तुकडे केले आणि आम्ही ते स्वच्छ, कोरड्या मिठात पुरले. मीठ पाणी ओढून घेतं, सडणं थांबतं. मासळी खारवणाऱ्या घरात हे पोरासोरांनाही ठाऊक. माझ्या पुस्तकातही होतं, पण ते पान मी भर्रकन उलटलं होतं. बाईच्या रक्ताशी नमुना जुळला. मिठाची युक्ती मामांची, हे मी तिला सांगितलं. ती खूप रडली, पण मुलाला घेऊन घरी गेली. त्या दिवसापासून हे काम मला आवडू लागलं, हे मामांना सांगायचं मात्र राहूनच गेलं.

त्यांच्या दहाव्याला शिरवण्यात गेले, तर बायकांमध्ये मागे ती नावड्याची बाई बसलेली. मामांच्या सुनेनं तिला विचारलं, "तुमी आमच्या कोन लागता?"

"बहीन," ती म्हणाली. "माजा पोर त्यानीच घरी आनला."

सुनेनं सरकून तिला आपल्याशेजारी जागा करून दिली.