धुतलेली मालगाडी

मर्ल टॉन्किन धुळीची जन्माची वैरीण. पीटरबरोसारख्या माळावरच्या रेल्वेगावात धुळीशी वैर धरायला जिगर लागते. उत्तरेचा वारा सुटला की अख्खा माळ लालभडक होऊन घरात शिरतो. ती लग्न होऊन आली तेव्हा वाफेची इंजिनं होती. दोरीवरच्या चादरी वाळेपर्यंत काजळीने काळ्या व्हायच्या आणि मर्ल कपाळाला आठी घालून त्या पुन्हा धुवायला घ्यायची. शेजारणी म्हणत, हिच्या स्वयंपाकघरात माशीसुद्धा पाय पुसून येते.

तिचा नवरा व्हर्न रेल्वेच्या कारखान्यात वॅगनींची डागडुजी करायचा. कारखाना बंद पडला तसा तो परसातल्या शेडमध्ये त्याच वॅगनी बोटाएवढ्या करून बनवू लागला. ब्रोकन हिलच्या खाणींचं खनिज वाहणारी अख्खी मालगाडी! मर्लने त्या शेडमध्ये कधी पाऊल टाकलं नाही. तसा दोघांचा करारच होता. घर तिचं, शेड त्याची, आणि मधल्या पायरीवर त्याने बूट काढायचे.

"अरे, करतोस तरी काय दिवसभर तिथे?" ती विचारायची.

"वॅगनी म्हाताऱ्या करतोय."

"मला केलीस तेवढं पुरे नाही झालं?"

हे त्यांचं नेहमीचं. तो थट्टा करतोय असंच तिला वाटायचं.

व्हर्न हिवाळ्यात गेला. छातीने दगा दिला. वसंतात त्याचा कारखान्यातला दोस्त क्लॅरी दारात टोपी हातात धरून उभा राहिला. "मर्ल, यंदा टाउन हॉलमधल्या छोट्या गाड्यांच्या प्रदर्शनात व्हर्नची गाडी मधोमध चालवू म्हणतोय. त्याच्या नावाने."

मर्लला एवढंच हवं होतं. माणूस गेला, निदान चार लोकांत त्याचं नाव नीट निघावं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तिने पहिल्यांदा शेड उघडली. फळीवर गाडी उभी होती, आणि काय अवस्था होती तिची! कड्यांखाली तांबडे ओघळ, दारांवर करडी पूड, चाकांवर काळपट थर. मर्ल मटकन स्टुलावर बसली. तिचा माणूस इतका थकला होता की स्वतःच्या वस्तूसुद्धा त्याला पुसता येत नव्हत्या, आणि तो तसं एका शब्दाने बोलला नाही. तिला रडू फुटलं. मग तिने डोळे पुसले, कोमट पाणी आणलं, साबण आणि जुना टूथब्रश घेतला आणि एकेक वॅगन आंघोळ घालावी तशी धुतली. फळीवरच्या जॅमच्या बरण्यांतही तांबडी घाण साठली होती. ती तिने गुलाबांच्या मुळाशी ओतली आणि बरण्या जर्दाळूच्या जॅमसाठी घासून पालथ्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये क्लॅरीने खोका उघडला. एक वॅगन उचलून त्याने उलटीसुलटी करून पाहिली. मग म्हणाला, "झकास दिसतायत गं," आणि त्याने गाडी रुळांवर चढवली. गाडी लखलखत फिरू लागली. मर्लची मान ताठ झाली.

मग ती सहज शेजारच्या टेबलाकडे गेली. पोर्ट पिरीच्या लेस्टर नावाच्या माणसाची गाडी तिथे होती, व्हर्नची गाडी काल होती तेवढीच मळकी. वर पहिल्या बक्षिसाची निळी फीत.

"पुसून तरी आणायचीस," मर्ल बोललीच.

लेस्टर हसला. "पुसू? अहो, अख्खा हिवाळा गेला हा मळ चढवण्यात! इथल्या व्हर्न टॉन्किनने शिकवलं मला. वॅगन कुठे झिजते, पाणी कुठून ओघळतं, सगळं. हा गंजही खराच. यार्डातल्या मोडीत निघालेल्या वॅगनींवरून त्याने जन्मभर खरवडून ठेवलेला. बरणीतून चिमूटभर दिला मला, तोही नखरे करून. वरून वार्निश मारू द्यायचा नाही, गंज मरतो म्हणायचा. हात लावाल तर निघून येईल, जपा हं."

मर्लने हात मागे घेतला.

ती क्लॅरीकडे परत आली. "तू बोलला का नाहीस?"

"काय बोलू?" क्लॅरी रुळांकडेच पाहत राहिला. "कुणी विचारलं तर सांगतोय, गाडी आत्ताच कारखान्यातून रंगून आलीय. नव्या वॅगनी अशाच दिसायच्या, मर्ल. आम्ही कामाला लागलो तेव्हा."

मर्ल घरी आली ती आत गेलीच नाही. अंगावरच्या चांगल्या कपड्यांनिशी गुलाबांपाशी गुडघे टेकून बसली आणि हातांनी माती उकरू लागली. पण पीटरबरोची मातीच मुळी लाल. त्यात व्हर्नचा गंज कुठला आणि माती कुठली, तिला ओळखता येईना. तिने ओंजळ नाकाशी नेली. नुसता ओला वास.

तरी तिने एक बरणी भरली. मातीच्या पायांनी, बूट न काढता, ती पायरी चढून स्वयंपाकघरात गेली आणि बरणी खिडकीत ठेवली. फरशीवर तिच्या पावलांचे लाल ठसे उठले होते. ते तिने पुसले नाहीत.