कादंबरीबाई आणि त्यांची सगुणा

रूथ, ये, अशी जवळ सरक. तिकडं उंबऱ्यात उभी राहू नकोस. तू पुण्यात आहेस हे मला कळतं गं, पण माझ्या मनात तू समोरच बसलेली असतेस, आणि समोर बसलेल्या माणसाला रागावता येतं. परवा फोनवर काय म्हणालीस? "आत्याआजी, आपल्या शिरूरात आणि कादंबरी लिहिणारी बाई? काहीतरीच सांगतेस." वर हसलीस. इतकी शिकलीस, कॉलेजात मुलांना शिकवतेस, आणि विचारायच्या आधी हसतेस? म्हणून हे लिहायला बसले. बोलते तसंच लिहिते. चुका तू काढ.

आमच्या कादंबरीबाई रस्त्यात भेटल्या की 'जेवण झालं का' असं कधी विचारायच्या नाहीत. दुरूनच हात वर करायच्या आणि म्हणायच्या, "कितव्या पानावर आलात?" पुस्तक ज्यांना दिलं त्यांना विचारायच्या, नाही दिलं त्यांनाही विचारायच्या. बाजाराच्या दिवशी माणसं त्यांना बघून गल्ली बदलायची. एकदा दावीदमामा तोंडावरच सापडले. आमच्या ख्रिस्ती मंडळीतले हे सगळ्यात बोलके वडीलधारे.

"मामा, कितव्या पानावर?"

"बाई, चष्मा फुटला माझा."

"फुटायच्या आधी कुठवर आला होता?"

"आधीपास्नंच फुटल्याला हाय."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं, करून घ्या दुरुस्त. मी थांबते." आणि खरंच थांबल्या. तीच तर त्यांची खोड होती, दुसरं माणूस थट्टा करतंय हे त्यांना कळायचंच नाही. नाहीतर कळत असेल आणि दाखवत नसतील. मला अजून ठरवता येत नाही.

त्या मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या. लग्न केलं नाही. कंपाउंडात आमच्या ओळीत शेजारची खोली त्यांची. आमचे हे सुतारकामाच्या वर्कशॉपात होते आणि मी नुकतीच लग्न होऊन वरवंडहून आले होते. आणे जाऊन नवे पैसे आले होते, ते दिवस. बाई शाळेत एकदम शुद्ध बोलायच्या आणि ओट्यावर आल्या की आपल्या गावच्या, केंदूरच्या व्हायच्या. मधल्या बोटाला शाईचा डाग कायमचा. शाळेतून आल्या की चहा पिऊन दिवेलागणीपर्यंत लिहायचं, रविवार सोडून. नाव त्यांना लोकांनी थट्टेनं ठेवलं होतं. पुढं तेच राहिलं, खरं नाव पगारपत्रकात तेवढं.

मी एकदा धीर करून विचारलं, "बाई, कशापायी एवढं लिहिता? हात दुखत न्हाई का?"

"दुखतो की. माझी धाकटी बहीण होती, सगुणा. एकोणीस वर्षांची. लग्नाला दीड वर्ष झालं आन् एकवीस दिवसांच्या तापात गेली. सासरच्यांनी दगड घातला, त्याच्यावर काय लिहिलं? अमक्याची पत्नी. बस्स. एवढी हसायची गं ती, शेजारचं पोर झोपंतून उठायचं. तिचं नावसुदीक न्हाई. म्हणून लिहिते. बाकीचं पुस्तकात वाच."

ते पुस्तक पुण्याच्या एका छापखान्यात पदरचं घालून छापून आणलं. दौंडपर्यंत रेल्वेनं आणि दौंडहून एस.टी.च्या टपावर गठ्ठे आले. पहिली प्रत कुणाला दिली असेल? मला. मी पदराला हात पुसून दोन्ही हातांनी घेतली. रूथ, मला वाचता येत नव्हतं.

बाईंची चूक कशी झाली ते सांगते. रविवारी देवळात उपासनेला मी त्यांच्याच बाकावर बसायचे. गीतांचं पुस्तक उघडून धरायचे, कडव्याला पान उलटायचे, एक शब्द न चुकता गायचे. ते सगळं पाठ होतं. माझ्या आईनं शेतात भांगलताना गाऊन गाऊन पाठ करून घेतलेलं. शाळा मी पाहिली ती बाहेरून. शेजारणीनं पान उलटलं की मी माझं उलटायचे. बाईंना वाटलं, ही पोरगी झरझर वाचते, हिलाच आधी द्यावं. आणि मिशनच्या कंपाउंडात सून होऊन आलेली बाई अडाणी निघाली हे सांगायची मला लाज वाटली.

तेवढ्यात मे महिन्याची सुट्टी लागली. बाई पिशवीत पुस्तकं भरून दौंडला निघाल्या. तिथं स्टेशनवर बायकांच्या वेटिंग रूममध्ये बसायचं, गाडी उशिरा आली की पहिली दोन पानं मोठ्यानं वाचायची आणि ऐन रंगात आलं की थांबायचं. पुढचं ज्यांना हवं त्यांनी पुस्तक घ्यावं, असा त्यांचा हिशेब. आठ दिवसांनी परत आल्या त्या पिशवी होती तशी घेऊन. ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या.

"अगं, एक सोलापूरकडची बाई. डोळ्यांत पाणी तिच्या. म्हणाली, बाई, पोरीचं पुढं काय झालं एवढं सांगा, माझी गाडी लागली. मला राहवंना. सांगून टाकलं. तर ती म्हणाली, देव तुमचं भलं करो, आन् बोचकं उचलून गाडीत बसली!"

मला हसू आलं. "काय सांगितलं बाई तिला?"

"आता कुणालाच सांगायची न्हाई. तुलाबी न्हाई. सांगितलं की कुणी वाचत न्हाई. तुझ्याकडं तर पुस्तक हाय. झालं का वाचून?"

आता ही वेळ आली. मी सूप हातात घेतलं, बाजरी पाखडायला लागले आणि खाली बघून म्हणाले, "झालं की बाई."

"सगळं?" बाई अशा पुढं सरकल्या, रूथ, की मला त्यांचा श्वास ऐकू आला. "कशी वाटली सगुणा?"

"लई वाईट वाटलं. रडूच आलं. गेली बिचारी."

"गेली?"

"व्हय, शेवटी गेलीच न्हवं का तापात."

सूप थांबवून मी वर बघितलं तर त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, शाईच्या बोटाकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "व्हय. गेलीच म्हणायची." उठून आत गेल्या. मला वाटलं, बहिणीची आठवण आली असेल. मी सुटले, असंही वाटलं. खोटं कशाला बोलू?

त्याच वर्षीचा हंगामाचा सण. तुमच्या पुण्यात आता पैशांची पाकिटं टाकतात, आमच्याकडं तेव्हा पिकातलं पहिलं देवळात आणायचे. भोपळे, बाजरीची कणसं, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासना झाली की अंगणात लिलाव, पैसा देवळाला. आणि मोठी चाल अशी की बोली जिंकलेल्यानं वस्तू घरी न्यायची नाही, "परत देवाला!" म्हणून उलट द्यायची. मग ती पुन्हा लिलावात. एकच नारळ असा सात वेळा विकलेला मी पाहिलाय. त्यात मान होता.

बाईंनी भोपळ्यांच्या राशीत आपली कादंबरी ठेवली. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी विचारलं, तर म्हणाल्या, "शिक्षिकेला शेत कुठलं? माझं पीक हेच." लिलाव पुकारायला दावीदमामा. त्यांनी पुस्तक डोक्यावर धरलं. "बोला मंडळी, बाईंचं पीक! सडत न्हाई, किडत न्हाई, अंडीबी देत न्हाई! बोला!"

माणसं हसली आणि बोली चढायला लागली. चढली की गं, कोंबडीच्या वर गेली! बाई पहिल्या रांगेत सतरंजीवर बसलेल्या. त्यांचा चेहरा असा उजळला की मी तसा त्यांचा चेहरा ना आधी बघितला ना नंतर. पहिली बोली मिशनच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं जिंकली. पुस्तक छातीशी धरलं आणि ओरडला, "परत देवाला!" टाळ्या. मग केंदूरहून पाहुणे आलेले पाटील होते, त्यांनी घेतलं. "आमच्याकडनंबी परत!" टाळ्या. बाईंनीही वाजवल्या. मग तिसरा, मग चौथा. प्रत्येक जण पुस्तक हातात घ्यायचा, फोटो काढायला धरतात तसं धरायचा आणि परत द्यायचा. एकानंही उघडलं नाही. पाचव्याला बाईंच्या टाळ्या बंद झाल्या. त्यांना कळलं होतं.

सहावी बोली आमच्या ह्यांची लागली. हे भोळे. पुस्तक घेऊन माझ्याकडं वळले, "न्यायचं का घरी?" आणि मी काय म्हणाले असेन? "आपल्याकडं हाय की एक. द्या परत." बाई माझ्यापासून दोन हातांवर होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. मान थोडी खाली गेली, एवढंच. शेवटी पाळकसाहेबांनी कौतुकानं पुस्तक त्यांच्याच ओंजळीत दिलं. "बाई, तुमचं दान देवाला पावलं, आन् पुस्तक तुमचं तुम्हाला राहिलं." सगळे म्हणाले, केवढा मान झाला बाईंचा.

त्यानंतर बाईंनी रस्त्यात कुणाला पानाचं विचारलं नाही. जेवण झालं का, असं विचारायला लागल्या. लोकांना बरं वाटलं, बाई माणसात आल्या म्हणाले. दोन-तीन वर्षांनी नोकरी संपली, खोली सोडावी लागली. दौंडला त्यांचा भाचा रेल्वेत होता, त्याच्या क्वार्टरवर गेल्या. उरलेल्या प्रती शाळेच्या माळ्यावर ठेवल्या होत्या. त्यांना वाळवी लागली. माझी तेवढी राहिली, जुन्या लुगड्यात बांधलेली.

ती मला डाचायची. भांडी घासताना, दळण टिपताना, सारखी. शेवटी मी काय केलं, गीतांचं पुस्तक काढलं. पाठ असलेलं गीत तोंडानं म्हणायचं आणि छापलेल्या शब्दावर बोट ठेवायचं. 'देवा' म्हटलं की हे 'देवा'. 'प्रकाश' म्हटलं की हा 'प्रकाश'. मग तोच शब्द पोरांच्या पाटीवर गिरवायचा. दुपारी दार लोटून करायचे, कुणी हसू नये म्हणून. वर्ष गेलं. मग बाईंचं पुस्तक उघडलं. एका पानाला एक दुपार लागायची.

तिसऱ्या प्रकरणात एकविसावा दिवस येतो. मी डोळ्याला पदर लावून बसले. आणि रूथ, ताप उतरला. सगुणेनं डोळे उघडले आणि भाकरी मागितली. मी ते पान तीन वेळा वाचलं. मला वाटलं मलाच वाचता येत नाही. पण नाही, ती उठली, चुलीपाशी गेली, हसली. पुढं ती दौंडला येते, शिवणाचं मशीन घेते. तिशीत तिची दाढ दुखते, त्याची दोन पानं आहेत नुसती. नवऱ्याशी भांडते, समेट करते. शेवटच्या पानावर पन्नाशीची सगुणा शेजारणीकडून सुईत दोरा ओवून घेते आणि आपल्याच डोळ्यांना हसते. संपलं. मेली कुठंच नाही. बाईंनी तिला मरू दिलंच नव्हतं. आणि मी त्यांच्या तोंडावर म्हणाले होते, गेली बिचारी.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं दौंड गाठलं. बाई क्वार्टरच्या दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. वाळल्या होत्या अगदी. बोटावर शाईचा डाग नव्हता. मी पायाशी बसले आणि रडतच म्हणाले, "बाई, मी वाचलं. सगळं. आपली सगुणा जिती हाय की!"

"होती," बाई म्हणाल्या. शेंगा फोडायच्या थांबल्या नाहीत. "तू वाचलं न्हाई, हे मला तवाच कळलं होतं. कंटाळा आला असंल म्हटलं. पण न वाचताबी तुला ठाऊक होतं, ती गेली म्हणून. जो तो तिला गेल्यालीच धरून चाललाय. मग मी एकटीनं किती दिवस ओढायचं? पुढच्या भागाची वही घेतली आन् पहिल्याच पानावर तिला जाऊ दिलं. आठ ओळींत झालं."

"आन् मग पुढं?"

"पुढं कुणाचं लिहू?"

तोंडातून गेलं, "बाई, कंटाळा न्हवता ओ. मला वाचताच येत न्हवतं."

त्यांचा हात थांबला. "देवळात तर पानं उलटत होतीस."

"पाठ होतं सगळं."

त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "अगं मग तसं सांगायचं. मी वाचून दाखवली असती की."

एवढंच. मग मला चहा दिला, पोराबाळांचं विचारलं, स्टँडपर्यंत सोडायला आल्या. ती थंडी काही त्यांनी काढली नाही. मला कळलं तेव्हा सगळं आटोपून पंधरा दिवस झाले होते.

रूथ, हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं माणूस जगात मी एकटी. असं मला वाटतं. दुसरं कुणी असेल तर देव त्याला सुखी ठेवो. आता माझेही डोळे गेले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, तरी छापलेलं दिसत नाही. हे लिहिते आहे तेही अंदाजानं, ओळी एकमेकींवर चढल्या असतील. पुस्तकाची पानं पिवळी पडून हातात मोडतात. मी गेले की सगुणेनं भाकरी मागितलेली कुणाला ठाऊक राहणार नाही.

तुला कामं आहेत, मला माहीत आहे. पण कधीतरी दोन दिवस काढून ये आणि माझ्याजवळ बसून ते मोठ्यानं वाच. घाईनं वाचू नकोस, दाढदुखीची पानं गाळू नकोस. लवकर ये, पोरी.