अंगातला भाऊ

माझ्या अंगात माझा मेलेला भाऊ शिरला आहे, हे मला पहिल्यांदा मावशीकडून कळलं. ती मुरगूडहून आली होती. मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो, आणि मला झोप लागली आहे असं समजून ती माझ्या आईला म्हणाली, "आक्का, ही पोरगी न्हवं. थोरला आलाय माघारी." मग कपात आणखी चहा ओतून घेतल्याचा आवाज आला.

पुढं जाण्याआधी एक सांगतो. मला मुलगी म्हणून वाढवलं गेलं. आज मी पुरुष म्हणून राहतो, आणि त्या दिवसांबद्दल लिहितानाही 'गेलो', 'आलो' असंच लिहिणार आहे. आमच्या कोल्हापुरात बायकाही 'मी येतो' म्हणून निघतात, त्यामुळं लहानपणी बोलण्यावरून मला कुणी धरलं नाही. धरायला बाकीचं पुष्कळ होतं.

आम्ही लिंगायत. लक्ष्मीपुरीत आप्पांचं जनावरांच्या खाद्याचं दुकान होतं. सरकी पेंड, भुसा, मक्याचा भरडा. माझ्याआधी एक मुलगा झाला होता, तो सातव्या वर्षी काविळीनं गेला आणि त्यानंतर मी झालो. त्याच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. शाळा सुटली की मी दुकानात जायचो, शर्ट-पँटमध्ये पोती हलवायचो, आणि केस वाढले की कापून मिळेपर्यंत घर डोक्यावर घ्यायचो. गिऱ्हाईकं म्हणायची, "मालक, पोरगी हाय का पैलवान?" आप्पा खूश व्हायचे. पोरीनं पोरासारखं असण्याचं आमच्याकडं कौतुकच असतं. अट एवढीच की वेळ आली की तिनं निमूटपणे परत पोरगी व्हायचं.

माझी ती वेळ बारावीनंतर आली. निपाणीकडचं स्थळ होतं. मला साडी नेसवून पाहुण्यांसमोर बसवलं आणि मुलाच्या मामानं विचारलं, "काय काय येतंय?" मी घाबरून खरं ते सांगितलं, "पोतं उचलता येतं." सगळे पोट धरून हसले, आणि कहर म्हणजे मी त्यांना पसंत पडलो.

दुसऱ्या दिवसापासून मी उठेनासा झालो. जेवण नको, कॉलेज नको, आंघोळ तर नकोच, कारण आंघोळीला अंगावरचे कपडे काढावे लागतात. मला मरावंसं वाटत होतं. हे आज मी सरळ लिहितो आहे. तेव्हा हे वाक्य माझ्याकडं नव्हतं. आई विचारायची, "काय हुतंय गं?" आणि मी म्हणायचो, "काय न्हाय." मी लपवत होतो अशातला भाग नाही. मला स्वतःलाच पत्ता नव्हता. मी मुलगी नाही, एवढं आतून कळत होतं, पण मग आपण कोण, याचं उत्तर द्यायला ओळखीतलं कुणीच तसं नव्हतं. त्यात मावशीचं ते वाक्य कानावर आलं. आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. निदान काहीतरी कारण सापडलं होतं.

मावशीचं म्हणणं घरात मांडलं गेलं तेव्हा आप्पा भडकले. "आपल्यात भूतबीत नसतंय," ते म्हणाले. "मेला त्यो लिंगैक्य झाला, शिवात मिळाला. माघारी कोण येत न्हाय." आईनं त्यांच्याकडं असं पाहिलं की ते पेंडीचा ट्रक यायचा आहे म्हणून उठूनच गेले. मग दोघांनी माझे दोन इलाज सुरू केले. आप्पांनी डॉक्टर धरला आणि आईनं नृसिंहवाडीचा दत्त.

डॉक्टर राजारामपुरीत होते, मनाचे डॉक्टर. त्यांच्याकडं जाताना शेजारी सांगायचं काय, तर दातांचं काम चाललंय. हे काम इतकं लांबलं की समोरच्या काकूंनी एकदा माझं तोंड उघडून बघितलं आणि "दात तर सगळे जाग्यावर हाईत की" म्हणून काळजीनं आईला विचारलं. वाडीला जाताना मात्र लपवाछपवी काही नाही. जीप ठरवली, डबे भरले, गल्लीतल्या बायकांनी येताना कवठाची बर्फी आणायला सांगितलं. लेकीच्या अंगात कुणी शिरलं तर ते लोकांना सांगता येत होतं. लेकीचं मन बिघडलं म्हणायची सोय नव्हती.

डॉक्टर माणूस वाईट नव्हते. आप्पांना बाहेर बसवून त्यांनी मला विचारलं, "घरचे म्हणतात तुझ्या अंगात भाऊ आहे. तुला काय वाटतं?"

हो म्हटलं तर वेडा ठरतो. नाही म्हटलं तर मग मी असा का, हे सांगावं लागणार. "तुम्हाला काय वाटतंय?" मी उलट विचारलं.

ते हसले आणि त्यांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तोंडाला कोरड पडायची, पण झोप लागू लागली आणि महिन्याभरात मी उठून बसलो, जेवू लागलो. त्याबद्दल मी त्यांना नावं ठेवणार नाही. फक्त आम्ही निघताना त्यांनी आप्पांना सांगितलं की लग्न झालं की सगळं मार्गी लागेल, तेव्हा त्या गोळ्या त्यांनाच खायला घालाव्यात असं मला वाटलं.

वाडीला मावशी आमच्याबरोबर होती. तिला तिथलं सगळं ठाऊक होतं: किती दिवस सेवा करायची, प्रदक्षिणा कधी, बाधा असलेल्या माणसाला कुठं बसवायचं. दुपारची आरती सुरू झाली तशी गर्दीतली एक बाई घुमू लागली. तिची सासू तिला धरून, आत जो कुणी होता त्याला 'जा बाबा, सोड हिला' म्हणून विनवत होती. मी ते बघत बसलो. आपल्याही अंगातला आता असाच ओरडत बाहेर पडेल का, आणि तो गेल्यावर मागं कोण उरेल, या विचारानं मी शेजारचा खांब घट्ट धरला. जे उरेल ते निपाणीला नांदायला जाईल, एवढं नक्की होतं.

आई माझ्याकडं बघत होती. अचानक तिनं पदर खोचला, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "ऊठ. घरला चल."

मावशी आडवी आली. "अगं, अजून सेवा सुरूबी न्हाय झाली."

"नगं," आई म्हणाली. "एकदा गेलाय त्यो. आता माझ्या हातानं न्हाय घालवायची मी त्येला."

जीपमध्ये मावशी पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. आईनं खिडकीतून बाहेर बघत मला विचारलं, "भूक लागली का रं?" आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला 'रं' म्हटलं. मी हो म्हणालो, आणि नंतर माझ्या लक्षात आलं की तिनं मला विचारलंच नव्हतं, त्याला विचारलं होतं.

तिथून पुढची वर्षं मी भावाच्या नावावर काढली. निपाणीचं स्थळ आईनं मोडलं, पुढची 'तब्येतीचं हाय जरा' म्हणून दारातूनच परत पाठवली. मी पुन्हा पँट घालून दुकानात जाऊ लागलो. चारचौघांत आई मला पूर्वीसारखीच हाक मारायची, पण घरात दोघंच असलो की 'पोरा' म्हणायची. त्याला शेंगदाण्याची पोळी आवडायची म्हणून ती दर सणाला मला वाढायची. मला ती पोळी घशाखाली उतरत नाही. ती समोर बसून बघायची आणि मी खायचो.

मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि त्यातलं काहीच माझं नव्हतं. मी चिडलो की ती म्हणायची, "त्योबी असाच तापट हुता." मी केस मागं सारले की तिचे डोळे भरून यायचे. हळूहळू मला माझाच भरवसा वाटेना. आरशासमोर उभा राहून मी विचार करायचो की ही मान वाकडी करायची सवय माझी की त्याची. कधी वाटायचं, असेलही तो आत. कधी वाटायचं, सात वर्षांचा पोरगा बाईच्या अंगात बसून मिशीची स्वप्नं कशाला बघेल, तो गोट्या मागेल. एकदा तर मी दुकानामागं, कुणी नाही बघून, हळू आवाजात त्याला विचारलं, "हाईस का?" उत्तर आलं नाही. त्याचं मला वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं. आप्पा या सगळ्यात पडले नाहीत. त्यांना दुकानाला माणूस हवा होता आणि तो मिळाला होता.

पुढं शहरात सायबर कॅफे निघाले. पडदा लावलेल्या खोक्यात बसून, इंग्रजी वाचता वाचता घाम पुसत, मला कळलं की माझ्यासारखी माणसं जगात आहेत आणि त्या सगळ्यांच्या अंगात काही भाऊ शिरलेले नाहीत. त्यातूनच पुण्याच्या एका समुपदेशक बाईंचा ठावठिकाणा लागला. खाद्याच्या कंपनीचं काम आहे म्हणून मी पुण्याला जाऊ लागलो. बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्यात दुसरं कुणी नाही. आहात ते तुम्हीच आहात."

इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं. तरी परत येताना एसटीत मला रडू आवरेना, शेजारचा माणूस "पावणं, बरं वाटत न्हाय का?" म्हणून पाण्याची बाटली पुढं करत राहिला. मला भावाशिवाय कसं राहायचं ते माहीत नव्हतं. आमच्या लिंगायतांत सुतक पाळत नाहीत, नाहीतर मी धरलं असतं.

आईला सांगायचं ठरवलं. तिनं मला पोरगा मानावं, पण माझा मी म्हणून, एवढंच मला पाहिजे होतं. आणि भीतीही तेवढीच होती. तो नाही म्हटल्यावर तिच्या लेखी मी पुन्हा मुलगी होणार, चोवीस तासांत पुन्हा स्थळं सुरू होणार, का ती मला घरातच ठेवणार नाही, काही अंदाज येत नव्हता. एका दुपारी आप्पा दुकानात होते आणि ती पुढच्या सोप्यात तांदूळ निवडत बसली होती. मी समोर जाऊन बसलो.

"आव्वा, जरा बोलायचं हुतं."

"मलाबी," ती म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "किती वर्सं झाली, इचारीन इचारीन म्हणतोय. आज इचारतो. कावीळ झाल्यावर तुला मी हातकणंगल्याला झाडपाल्याच्या औषधाला नेलतं. तुझा आप्पा म्हणत हुता, मिरजंला दवाखान्यात न्हिऊ. मी आयकलं न्हाय. काविळीला डाक्टरचं काय चालतंय, म्हटलं." तिचा हात तांदळात थांबला. "माझ्यावर राग हाय का रं तुझा?"

वाडीला तिनं त्याला का घालवू दिलं नाही, हे मला त्या क्षणी कळलं. 'न्हाय' एवढा एकच शब्द म्हणायचा होता. तो म्हटला असता तर ती सुटली असती, आणि मी कायमचा तो झालो असतो. तिची कीव येत होती आणि तिचा रागही येत होता, कारण आज बोलायची पाळी माझी होती आणि आजही तिला त्याच्याशीच बोलायचं होतं.

"आव्वा," मी म्हणालो, "मी त्यो न्हवं. कधीच नव्हतो. माझ्यात दुसरं कोण न्हाय. पर मी पोरगीबी न्हवं."

तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, त्याचा आवाज लांब जाईपर्यंत ती तशीच बसून होती.

"म्हंजे धाकला," ती म्हणाली.

"व्हय," मी कसाबसा म्हणालो.

"मग तू सांग. थोरल्यानं माझा राग धरला असता का?"

"मला काय म्हाईत, आव्वा. मी त्येला बघितलंच न्हाय कधी."

"मलाबी आता त्यो दिसत न्हाय," ती म्हणाली. "फोटो न्हाय त्येचा एकबी. डोळं मिटलं की तुझंच त्वांड म्होरं येतंय. त्येचं त्वांड गेलं."

आणि ती रडायला लागली. इतक्या वर्षांत त्याच्यासाठी मी तिला कधी असं रडताना पाहिलं नव्हतं. मी हात पुढं केला आणि मध्येच थांबलो. तिनं तो धरला तर कुणाचा म्हणून धरेल, हे मला कळत नव्हतं. शेवटी तिनंच तो ओढून घेतला. मी विचारलं नाही.