आठ लाख खोटे वाचक

ऑफिसात सगळे त्याला नाना म्हणत. वय अजून चाळिशीतही शिरलं नव्हतं, पण कुणी नवं कामाला लागलं की पहिल्याच दिवशी त्या नव्याला याच्याकडून "आमच्या वेळी हे असलं नव्हतं" हे ऐकून घ्यावं लागे, त्यावरून पडलेलं नाव. काम एकच: पेपरची वेबसाइट उभी ठेवायची. वर्षातले नऊ महिने तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. वादळांचे तीन महिने लागले की मात्र पहाटे पाचपासून अख्खा जिल्हा एका पानावर तुटून पडे. पानाचं नाव 'आज काय बंद'. कुठला रस्ता, कुठली शाळा, कुठला पूल. अग्रलेख कुणी वाचो न वाचो, हे पान प्रत्येकाला हवं असे.

आणि नेमकं तेव्हाच ते आडवं होई.

नानाची धाकटी बहीण नदीपलीकडच्या हॉस्पिटलात नर्स होती. गेल्या वर्षी पहाटे साडेपाचला तिने पान उघडायला घेतलं, तर ते नुसतं गोल गोल फिरत बसलं. ड्यूटी चुकवून चालणार नव्हतं, म्हणून ती तशीच निघाली. पुलाच्या तोंडाशी पोचते तो पाणी चाकाला लागलं, वळवावी म्हणते तो मागेही पाणी. चार तास बाई गाडीच्या टपाकडे बघत बसली. साडेनऊला पान एकदाचं उघडलं तेव्हा ती तिथेच होती.

"दादा," ती फोनवर म्हणाली, "तुझा पेपर सांगतोय, पूल बंद आहे. मला दिसतोय तो. पण त्याच्या आधी मला कुणाच्या तरी पायाचं नख का दाखवलं?"

ते नख नानाला पाठ होतं. नखांच्या बुरशीवरच्या मलमाची जाहिरात. अंगठ्याचं नख, पिवळं, चिरलेलं, कडेने पापुद्रे सुटलेलं, आणि एवढं मोठं की त्याच्याखाली पूल, शाळा, रस्ते सगळं झाकून जाई. ते बाजूला सारलं की दुसरी चौकट विचारी, ताज्या बातम्या पाठवू का? तिलाही नको म्हटलं की नख परत. आंब्याला माश्या याव्यात तसं.

या वर्षी नानाने ठरवलं होतं की बहिणीला पान उघडलंच पाहिजे. बाकी जिल्हा तिच्यामागून येईल.

हंगामाच्या दोन महिने आधी तो कामाला लागला. त्याची खोली म्हणजे जिन्याखालची, बिनखिडकीची. गालिचा असा की त्यावर चप्पल चिकटे आणि सोडवताना आवाज करी. तिथे बसून त्याने पान सोलून काढलं. चित्रं काढली, नख काढलं, चौकटी काढल्या. उरली नुसती अक्षरं. पान दर वेळी नव्याने जुळवण्याऐवजी मिनिटामिनिटाला एक तयार प्रत काढून ठेवायची आणि मागेल त्याला तीच द्यायची, अशी सोय केली. मग एका रविवारी खोटी गर्दी सोडली. म्हणजे एक प्रोग्राम असतो. तो हजारो वाचकांचं सोंग घेऊन साइटच्या दारावर एकदम धडका मारतो. नानाने तो दिवसभर पिटाळला. साइट हललीही नाही. नाना घरी जाऊन शांत झोपला.

एक गोष्ट मात्र राहिली. चाचणीच्या दिवशी वाचकांची मोजणी बंद ठेवायची, हा नियम त्यानेच केला होता, त्याच्याच अक्षरात भिंतीवर चिकटवला होता. सहा वर्षांत एकदाही चुकला नव्हता. पण या वर्षी मलमवाल्यांनी सगळ्या ऑफिसला भेट म्हणून कॅलेंडरं वाटली, आणि नानाने आपलं नेमकं त्या कागदावर टांगलं होतं. बारा महिने, बारा बरी झालेली नखं.

सोमवारी मॅनेजरने त्याला वर बोलावलं. टेबलावर कालपरवाच्या कॉफीचे तीन कप, एकावर साय धरलेली. जाहिरातवाल्या मॅडम हातात गुच्छ घेऊन उभ्या.

"नाना, एका दिवसात आठ लाख वाचक," मॅनेजर म्हणाला. "एवढं हलकं पान केलंत, लोकांनी उचलून धरलं."

नाना म्हणाला, "साहेब, जिल्ह्याची वस्ती चार लाख आहे."

"म्हणजे प्रत्येकाने दोनदा बघितलं."

"तान्ह्या बाळांनीसुद्धा?"

"तुम्हाला ना, कौतुक पचतच नाही," मॅडम म्हणाल्या आणि गुच्छ त्याच्या हातात कोंबला. फुलं ओली होती, देठांना वास मारत होता. "आठ लाख म्हटल्यावर मलमवाले कसले खूश झालेत. म्हणाले, आता साधं चित्र नको. व्हिडिओ लावा."

"नखाचा?"

"आधी खराब, मग हळूहळू बरं. छान आहे हो."

सांगायची वेळ तीच होती. नानाने तोंड उघडलंही. पण समोर फोटो काढणारा आला, म्हणाला, जरा हसा, आणि उघडलेल्या तोंडाचं काय करावं ते न कळून नाना हसला. तो फोटो तासाभरात नोटीस बोर्डावर लागला. येता-जाता स्वतःचे दात दिसू नयेत म्हणून नाना तिकडे बघत नसे. पण सांगायला वर जायचं म्हटलं की दर वेळी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाय अडे. सहा वर्षं ज्याने दुसऱ्यांच्या चुका मोजल्या, त्याला आपली एक उच्चारता येईना. तोवर पानावर व्हिडिओ चढला, चौकट परत आली, आणि तिच्यासोबत आणखी एक आली, पाहुणीसारखी.

हंगामाचं पहिलं वादळ एका गुरुवारी पहाटे आलं. नाना पाचलाच मशिनसमोर बसला होता. सव्वापाचला पान धापा टाकू लागलं. वाचक उणेपुरे वीस हजार, पण प्रत्येकाच्या पाठीवर नखाचा अख्खा सिनेमा. पाच वीसला त्याच्या स्वतःच्या फोनवरही पान गोल फिरू लागलं. दहा मिनिटांत बहीण उठणार होती.

त्याने मॅनेजरला उठवलं. "साहेब, नख उतरवावं लागेल. पान पडतंय."

"आठ लाखांना पेललं ना?" मॅनेजर जांभईतून म्हणाला. "मग वीस हजारांना काय धाड भरली?"

"ते आठ लाख कुणी नव्हतेच. चाचणी होती. मोजणी बंद करायची माझ्याकडून राहिली."

पलीकडे पलंग करकरला. नाना शिव्यांची वाट बघत होता. शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

घासात केस लागावा तसा तो प्रश्न नानाला लागला. "कुणाला नाही."

"मग राहू दे तसंच."

नानाने घड्याळाकडे बघितलं. पाच पंचवीस. तो बोलला तेव्हा त्याला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही, इतका तो व्यापाऱ्यासारखा होता. "राहू दे. मी तोंड उघडत नाही. पण वादळाच्या दिवशी पान माझं. नख नाही, चौकटी नाहीत."

"दुपारी दोनपर्यंत," मॅनेजर म्हणाला. "आणि मॅडमना मी काय सांगू?"

"सांगा, आठ लाखांनी एकदम गर्दी केली."

त्याने नख उतरवलं. चौकटी उतरवल्या. पान एका दमात उघडलं, नुसती काळी अक्षरं. मग तो फोन समोर ठेवून बसला. साडेपाच झाले, पावणेसहा झाले, फोन वाजला नाही. गेल्या तीन वर्षांत वादळाच्या सकाळी, पान उघडत नाही म्हणून कुणाचा तरी फोन आला नाही, असं कधी झालं नव्हतं. सहाला मेसेज आला: 'पूल बंद. वरच्या रस्त्याने जातेय.'

नाना उठून हात धुवायला गेला. बेसिनवरच्या साबणाला कुणाचा तरी केस चिकटलेला होता. त्याने तरी दोनदा हात धुतले.

दुपारी दोनच्या ठोक्याला, ठरल्याप्रमाणे, त्याने स्वतःच्या हाताने नख परत चढवलं. थोड्या वेळाने बहिणीचा फोन आला.

"दादा, सकाळी कसं झरकन उघडलं रे. मी सगळ्या वॉर्डात सांगितलं, माझ्या भावाचं पान आहे." मग ती थांबली. "पण आता परत ते किळसवाणं सुरू झालंय. हलतंय पण आता."

"हो."

"तुला काढता येत नाही का ते?"

दारासमोरच्या नोटीस बोर्डावर फोटोतला नाना गुच्छ धरून हसत होता.

"येतं की," नाना म्हणाला. "वादळ आलं की काढतो."