मंगळवारी सकाळी काय?

कोर्टात कुणी मोठ्या आवाजात बोलायला लागलं की आमच्या मॅडम चष्मा काढून पदराने पुसत बसायच्या. बोलणाऱ्याचं संपलं की चष्मा नाकावर चढवून विचारायच्या, "ते झालं. सुटला तर मंगळवारी सकाळी तो काय करील?"

मंगळवारच का, असं मी कधी विचारलं नाही. एका वकिलांनी विचारलं होतं. "सोमवारी सगळेच शहाण्यासारखे वागतात," असं उत्तर त्यांना मिळालं.

मॅडम परिविक्षा अधिकारी होत्या. हा शब्द मलाही पहिल्यांदा नोकरीच्या जाहिरातीतच दिसला, तेव्हा तुम्हाला माहीत नसला तर त्यात कमीपणा नाही. एखाद्याचा गुन्हा सिद्ध होतो, पण तो त्याचा पहिलाच असतो. अशा वेळी शिक्षा सांगण्याआधी कोर्ट कधीकधी अहवाल मागवतं: ह्या माणसाला तुरुंगात धाडावं, की चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेऊन घरीच देखरेखीखाली ठेवावं? मग मॅडम त्याच्या घरी जायच्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलायच्या आणि लिहून द्यायच्या. घरी राहिला तर पुढची देखरेखही त्यांचीच. मी त्यांची कंत्राटी सहायक.

मी पालीची. आईवडील देवळाच्या रस्त्यावर पापड-मिरगुंडं विकतात. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. न्याय म्हणजे काय, यावर नववीत मी निबंध लिहिला होता आणि बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता. अपराध्याला शिक्षा, निरपराध्याला सुटका, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. मॅडमच्या हाताखाली महिनाभरातच त्या निबंधाचं काय करावं ते मला कळेना.

"अगं, वही मिट," त्या म्हणायच्या. "तू लिहायला लागलीस की माणूस साक्ष द्यायला लागतो." मग त्या सकाळी कोण आधी उठतं, भात कोण लावतं, बाटली कुठे ठेवलेली असते, असं काहीबाही विचारत बसायच्या. बाहेर रस्त्यावर आल्या की छत्री उघडून त्या सावलीत मला सगळं शब्दन् शब्द सांगायच्या आणि मी उभ्याउभ्या लिहायचे.

त्यांचे नियम दोनच. आधी ज्याला मार बसला त्याच्या घरी जायचं, मग ज्याने मारलं त्याच्या. आणि दोन्हीकडे तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा. त्यांच्या पिशवीत दोन बाटल्या असत, एक माझी. "ज्याच्याकडे घोट घेतला त्याचे आपण झालो," त्या म्हणायच्या. "कायद्यात नाही हे. पण गावात आहे."

दिवेआगरचं प्रकरण आलं तेव्हा मला लागून सात महिने झाले होते. दोघे सख्खे भाऊ, एकाच वाडीचे दोन भाग, मधे विहीर एकच. धाकटा नारळ पाडायला जाणारा. चक्रीवादळात गावातले माड आडवे झाले, त्याचं काम गेलं आणि तो प्यायला लागला. एके दिवशी थोरल्याने त्याची बाटली त्याच्यादेखत मातीत ओतली. धाकट्याने कोयता उचलला. पातं नाही लागलं, लाकडी मूठ लागली. पण थोरल्याचा उजवा कोपर मोडला तो मोडलाच. गुन्हा सिद्ध झाला होता. धाकट्याला बायको आणि दोन लहान मुली. तो आत जाणार की घरी राहणार, हे आता अहवालावर बरंचसं अवलंबून होतं.

आगरदांड्याहून जंगलजेटीने, म्हणजे माणसं-गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीने, दिघीला उतरून आम्ही गेलो. थोरला ओटीवर बसला होता. चहा पुढे आला, मॅडमनी हात जोडून नको म्हटलं. तो म्हणाला, "राहू द्या. कोर्टाची मानसं म्हनजे तोलून बोलनार, तोलून पिनार." हात दाखवताना मात्र त्याने नुसती बाही वर केली.

मग आम्ही धाकट्याकडे गेलो. मॅडम त्याच्याबरोबर मागे विहिरीकडे गेल्या, मी पडवीत. वाडीवाल्या घरात पाहुण्याला विचारून शहाळं काढत नाहीत. काढून हातात देतात. धाकट्याची बायको तोंड छाटलेलं शहाळं घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "घ्या ताई. आमच्याकडं दुसरं काय न्हाय." छाटलेलं शहाळं परत झाडाला लागत नाही. मी प्यायले.

कुंपणापलीकडून आवाज आला. "गोड हाय ना? त्या झाडाला मीच पानी घालायचो. हात होता तेव्हा."

येताना जेटीवर मॅडमनी डबा उघडला, अर्धी भाकरी मला दिली आणि खाडीकडे बघत बसल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

अहवाल चांगला झाला. धाकटा व्यसनमुक्ती केंद्रात दोनदा स्वतःहून जाऊन आला होता, बायको ठाम होती, शेजारी विरोधात नव्हते. घरी ठेवावं, असं मॅडमनी सुचवलं. आणि शेवटी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली: भेटीदरम्यान माझ्या सहायकाने आरोपीच्या घरी एक शहाळे घेतले, तक्रारदाराच्या घरी काही घेतले नाही.

"मॅडम, हे वाचून जज्जसाहेबांनी अहवालच बाजूला ठेवला तर?"

"ठेवू शकतात."

"चूक माझी आहे. त्याला जेल का?"

त्यांनी चष्मा काढला. "थोरल्याने बघितलंय. मी लपवलं तर त्याच्या दृष्टीने कोर्ट धाकट्याचं झालं. मग मंगळवारी सकाळी दोघांनी एका विहिरीवर यायचं कसं?"

मला ते पटलं नाही. खरं सांगते, अजूनही पूर्ण पटलेलं नाही. एका वाक्याच्या खरेपणासाठी दोन मुलींचा बाप पणाला लावायचा का? त्या रात्रीच काय, पुढचे कितीतरी दिवस मी जेवताना तेच चघळत होते.

तालुक्याच्या कोर्टात साहेबांनी अहवाल वाचला. शेवटच्या ओळीशी थांबले, माझ्याकडे बघितलं. सरकारी वकील गालात हसले. साहेबांनी थोरल्याला उभं केलं आणि ती ओळ त्याला वाचून दाखवली. "तुम्हाला काही म्हणायचंय?"

त्याने कठडा धरला. डाव्या हाताने. "लिव्हलंय व्हय त्यांनी?" मग म्हणाला, "तर ऱ्हाऊ दे घरी. पन पिऊन माझ्या भागात पाऊल टाकायचं न्हाय. ते बी लिव्हा."

तेही लिहिलं गेलं. दोन वर्षांचं बंधपत्र, मॅडमची देखरेख, केंद्रात उपचार. धाकटा सही करताना रडला. मला वाटलं, झालं. हाच न्याय. माझा निबंध पुन्हा लिहावा असं वाटलं.

बाहेर चहाच्या टपरीवर थोरला मला गाठून म्हणाला, "ताई, एक सांगा. त्याला डाक्टर, त्याला मॅडम, त्याला दोन वर्सं कोर्टाची नजर. मार खाल्ला कुनी?"

मी मॅडमकडे बघितलं. त्यांच्याकडे उत्तर असणारच, अशी माझी खात्री होती. त्या छत्रीची दांडी फिरवत राहिल्या. एसटीत बसल्यावर म्हणाल्या, "मलाही कळत नाही गं. तीस वर्षं झाली."

त्यानंतर दर महिन्याला आम्ही दिवेआगरला जायचो. कागदावर भेट धाकट्याची असायची, पण मॅडम आधी थोरल्याकडे अर्धा तास बसायच्या. कोपराचा व्यायाम करता का, रात्री ठणकतो का, माडांना पाणी कोण लावतं. ह्याची नोंद करायला आमच्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता. मी विचारलं, कुठे लिहू? "नको लिहूस," त्या म्हणाल्या. धाकटा मधे एकदा घसरला, स्वतःच सांगत आला, पुन्हा केंद्रात गेला. आता तो परत माडावर चढतो. भाऊ एकमेकांशी बोलतात का? विहिरीवर बोलतात. घरात नाही. हे यश म्हणायचं की नाही, तुम्हीच ठरवा; अहवालात मी "समाधानकारक" लिहीत आले.

बंधपत्राचे तीन महिने उरले असताना मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना शाल आणि घड्याळ मिळालं. भाषण करा म्हटल्यावर त्या उठून सगळ्यांना नमस्कार करून खाली बसल्या. मग मुलीकडे नाशिकला गेल्या. त्यांची जागा अजून भरलेली नाही. मधले दोन महिने धाकटाच आमच्या कार्यालयात येऊन सही करून गेला. शेवटच्या भेटीला मी एकटी गेले.

आधी थोरल्याकडे गेले, सवयीने. त्याने माझ्या मागे रस्त्याकडे बघितलं. "मोठ्या मॅडम?"

"निवृत्त झाल्या, काका."

"कवा?"

"तीन महिने झाले."

"मला बोलल्या न्हाय." तो ओटीच्या कडेला बसला. मी त्याला सांगितलं की आज धाकट्याची मुदत पुरी झाली, आता भेटी नाहीत, सगळं नीट पार पडलं. हे सांगताना मला आनंद व्हायला हवा होता.

त्याने उजवा हात जमेल तेवढा सरळ केला. तो पूर्ण सरळ होत नाही. "त्याची दोन वर्सं सरली, बरं झालं," तो म्हणाला. "माझी कवा सरतील, तेवढं मॅडमना इचारून सांगा."

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं.

दिघीच्या धक्क्यावरून मी नाशिकला फोन लावला आणि त्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, नातवाने काहीतरी मागितलं, मग दार लावल्याचा आवाज आला. समोर जंगलजेटी लागली. गाड्या उतरल्या, दुसऱ्या चढल्या, खलाशाने मला हाक मारली. मी त्याला हातानेच थांब म्हटलं, पण तो कशाला थांबतोय.

"मॅडम, आहात ना?"

"आहे," त्या म्हणाल्या. तेवढंच. फळी वर उचलली गेली, जेटी मागे सरकायला लागली, आणि मी फोन कानाला धरून धक्क्यावर तशीच उभी राहिले.